एकांतातील प्रार्थनेसाठी चर्चचे दार उघडे हवे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आणि ईस्टरच्या सुमारास आपल्या वृत्तपत्रात मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या बातम्या आवर्जून येतात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. रोषणाई, गव्हाणीचा देखावा, कॅरोल गाणारी मुले, पहाटेची उपासना हे सारे त्यांत असते आणि ते खरेही असते. परंतु वर्षानुवर्षे एवढेच वाचून इतर धर्मीय वाचकांचा, आणि आमच्यातील तरुण पिढीचाही, असा समज होऊ लागला आहे की ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे सर्वांनी मिळून, मोठ्याने आणि शक्यतो ध्वनिक्षेपकावरून करायची गोष्ट आहे. त्या प्रार्थनेचे मूळ मात्र माणसाने एकट्याने, कोणी पाहत नसताना, देवासमोर बसण्यात आहे. आणि आमच्या मंडळ्यांमधून नेमके तेच झपाट्याने विसरले जात आहे. मी जालना जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक असून आमच्या मंडळीत बरीच वर्षे संडे स्कूलचे काम करत आलो आहे. तेथे जे दिसते त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू आधी सभास्थानांत आणि चव्हाट्यावर उभे राहून, लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांविषयी बोलतो आणि मग शिष्यांना सांगतो की तू आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे पाहणाऱ्या आपल्या पित्याशी बोल. हे वचन आमच्या मुलांना पाठ असते. वचन पाठ करून घेतो, पण दार लावून आत गेल्यावर काय करायचे ते मात्र आम्ही शिकवत नाही. दहावीपर्यंत संडे स्कूलला आलेला मुलगा सर्वांसमोर उभा राहून पाच मिनिटे सुरेख प्रार्थना करू शकतो. त्यालाच पाच मिनिटे एकट्याला शांत बसायला सांगितले तर तो गोंधळून जातो आणि हे कशासाठी, असे विचारतो. दोष त्याचा नाही. त्याने घरात किंवा मंडळीत कोणाला तसे बसलेले पाहिलेलेच नसते.

मार्काच्या पहिल्या अध्यायातील एक प्रसंग मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. शब्बाथ संपून सूर्य मावळतो आणि कफर्णहूमचे सारे गाव दाराशी लोटते. दुखणाईत आणले जातात, कित्येक बरे होतात. कोणत्याही सेवकाने धन्य मानावा असा तो दिवस. दुसऱ्या दिवशी अजून अंधार असतानाच येशू उठतो, गावाबाहेर निर्जन जागी जातो आणि तेथे प्रार्थना करतो. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत शोधत येतात आणि सांगतात की सगळे लोक तुमचा शोध करत आहेत. त्या एका वाक्यात गर्दीची अपेक्षा आहे, शिष्यांचा उत्साह आहे, आणि काल जे साधले तेच आज पुन्हा करावे हा मोहही आहे. येशू मागे फिरत नाही. आपण आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ, कारण तेथेही मला घोषणा करायची आहे आणि त्यासाठीच मी आलो आहे, असे तो उत्तर देतो. हा नकार त्या पहाटेच्या प्रार्थनेतून आला, असे मी मानतो. लोक बोलावत आहेत आणि देव पाठवत आहे, या दोन्हींतला फरक लोकांच्या गराड्यात बसून कळत नाही. लूकही सांगतो की लोकांची रीघ वाढत गेली तरी येशू अरण्यात एकांती जाऊन प्रार्थना करत असे, आणि बारा प्रेषितांना निवडण्यापूर्वीची सबंध रात्र त्याने डोंगरावर प्रार्थनेत काढली. मंडळीचे पंच निवडण्याच्या आधी आपण त्या रात्रीची आठवण ठेवली, तर आपल्याकडचे कितीतरी वाद उभेच राहणार नाहीत.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो हलका नाही. प्रभूच्या नावाने दोघे-तिघे जमतात तेथे तो असतो, असे वचन आहे. मग एकट्याने बसणे हे जबाबदारी टाळणे नव्हे काय? हा प्रश्न चौथ्या शतकात कप्पदुकियाचे संत बेसिल यांनीच विचारून ठेवला आहे. एकटाच राहणारा माणूस पाय कोणाचे धुणार, असे त्यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमांत म्हटले आहे. प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या प्रश्नाला बगल देता येणार नाही. म्हणून मंडळी सोडून रानात जा, असे मी कोणालाच सांगत नाही. पण गेथशेमाने बागेतील रात्र आपण नीट वाचावी. येशू एकटा प्रार्थना करतो, परंतु शिष्यांना सोबत नेतो, पेत्र, याकोब आणि योहान यांना जागे राहायला सांगतो आणि थोडा पुढे जातो. ते अंतर लूकने धोंड्याच्या टप्प्याइतके सांगितले आहे. सोबत सुटू नये आणि तरी पित्याशी होणारे बोलणे दोघांतच राहावे, असे ते अंतर आहे. आणि खोलीचे दार लावायला सांगितल्यावर लगेच जी प्रार्थना त्याने शिकवली, तिच्यात एकट्यापुरते काहीच मागितलेले नाही. भाकर सर्वांसाठी, क्षमा सर्वांसाठी, वाइटापासून सुटका सर्वांची. खोलीत एकटा बसलेला माणूसही सगळ्या मंडळीला बरोबर घेऊनच बसतो.

सामूहिक प्रार्थनेचे मोल मला कमी करायचे नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या पुढाकाराने मुली व स्त्रिया एकत्र प्रार्थनेला बसू लागल्या आणि त्यातून जे आध्यात्मिक जागरण झाले, त्याची आठवण महाराष्ट्रातील मंडळ्या आजही काढतात. पण त्याच रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून मराठी बायबल सिद्ध करण्यात घालवली, आणि १९२२ साली देह ठेवेपर्यंत ते काम त्यांनी सोडले नाही. जागरणाची आठवण काढताना त्यांच्या या शांत, एकटीने केलेल्या सेवेचाही उल्लेख व्हावा, असे मला वाटते.

एकांत हा संन्याशांचा विषय आहे, संसारी माणसाला तो काय करायचा, असेही विचारले जाते. इजिप्तच्या वाळवंटातील संत अँथनी यांचे चरित्र अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी लिहिले आहे. अँथनी तिसऱ्या शतकाच्या मध्यास जन्मले आणि ३५६ साली वारले. एका ओसाड गढीत त्यांनी सुमारे वीस वर्षे एकट्याने काढली. ते बाहेर आले तेव्हा खंगलेला किंवा माणसांना बुजणारा कोणी लोकांना दिसला नाही. एक स्थिरचित्त माणूस दिसला आणि दुःखी-कष्टी लोक त्याच्याकडे येऊ लागले. पुढे ख्रिस्ती लोकांचा छळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा ते एकांत सोडून अलेक्झांड्रियात गेले आणि तुरुंगांत व खाणींत डांबलेल्या बांधवांची सेवा करत राहिले. एकांताने त्यांना माणसांपासून तोडले नाही.

त्याच वाळवंटातील इव्हाग्रिअस हे ३९९ साली निवर्तलेले साधक. ऐन दुपारी साधकाला छळणाऱ्या एका भुताचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना मी थक्क होतो, कारण ते आजच्या माणसाचे आहे. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा होतो. साधक पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते उन्हावरून पाहतो, कोणी बंधू इकडे येतो आहे काय म्हणून वाट न्याहाळतो. मग त्याला ती जागा नकोशी होते, हाताचे काम नकोसे होते, आणि आता आपल्यावर कोणाचेच प्रेम उरले नाही असा विचार मनात येतो. प्रार्थनेला बसल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ज्याचा हात आपोआप मोबाइलकडे जातो, त्याने हे वर्णन स्वतःशी ताडून पाहावे. त्या वडिलधाऱ्यांनी यावर दिलेला उपाय साधा आहे: उठून जाऊ नये. बसून राहावे, एखादे स्तोत्र हलक्या आवाजात म्हणावे, काहीच सुचले नाही तर मंदिरात मागे उभ्या राहिलेल्या जकातदाराची, मज पाप्यावर दया कर, एवढीच प्रार्थना करावी. मन भरकटते म्हणून प्रार्थना वाया गेली, असे समजू नये. भरकटलेले मन परत आणणे ही त्या वेळची प्रार्थनाच असते. हे कोणी वेळेवर सांगत नाही म्हणून कितीतरी श्रद्धावान माणसे दोन-चार दिवसांत नाद सोडतात आणि ही वाट आपल्यासाठी नाही असे धरून चालतात.

ही रीत आपल्या मातीला परकी आहे, असेही कोणी समजू नये. अजिंठ्याच्या विहारांत भिक्खूंच्या लहान लहान खोल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. शूलिभंजनच्या डोंगरावर नाथमहाराजांनी साधना केली असे परंपरा सांगते, आणि शेजारच्या खुलताबादेत विसावलेल्या सूफींच्या पंथात चाळीस दिवसांच्या एकांताला चिल्ला म्हणतात. आमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती वस्ती वसवली तिला बेथेल हे नाव दिले. घर सोडून पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर एकटाच निजला असता जेथे त्याला देवाने दर्शन दिले, त्या जागेचे हे नाव आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या अभंगांवर वाढलेले होते आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ज्या तुकोबांना वृक्षवल्लींच्या संगतीत एकांताचा वास रुचला, त्यांच्याच वाटेने आलेल्या टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मराठी ख्रिस्ती माणसाला याहून जवळचा दाखला कोणता हवा?

तरीही मंडळीत काय चालले आहे ते पाहू. उपासनेत एक क्षण रिकामा राहत नाही. पाळक डोळे मिटायला सांगतात आणि लगेच कीबोर्ड वाजू लागतो. प्रार्थना सभेत सर्वजण एकाच वेळी मोठमोठ्याने बोलतात, आणि ज्याचा आवाज लहान तो आपली प्रार्थनाच कमी पडली असे मानून घरी जातो. व्हॉट्सॲपच्या गटांवर ‘प्रेयर रिक्वेस्ट’ येतात. त्यांत कोणाचे पोटाचे ऑपरेशन, कोणाच्या मुलीचे मोडलेले लग्न, कोणाच्या मुलाचे व्यसन हे नावागावानिशी लिहिलेले असते, आणि खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागते. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात मला शंका नाही. पण एका घरचे दुःख संध्याकाळपर्यंत तालुकाभर होते आणि त्या घरच्या मुलीला रविवारी चर्चला यायची लाज वाटते, हेही तितकेच खरे आहे. दार लावून केलेल्या प्रार्थनेत दुसऱ्याचे गुपित देवाजवळ राहते. एखाद्या भगिनीने आपले दुखणे विश्वासाने सांगितले, तर ते पुढे न पाठवता रात्री तिचे नाव घेऊन देवासमोर बसणे, ही तिची खरी सेवा आहे. आविलाच्या संत तेरेसा यांनी सोळाव्या शतकात लिहिले आहे की प्रार्थना म्हणजे जो आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी वरचेवर एकांतात केलेले मैत्रीचे बोलणे. मैत्रीत सांगितलेले चारचौघांत न्यायचे नसते, हे आपल्या खेड्यापाड्यांत कोणाला शिकवावे लागत नाही.

आता सर्वांत मोठी अडचण. खोलीत जा, दार लावून घे, हे ज्याला खोली आहे त्याला सांगणे सोपे आहे. आमच्या मंडळीतील बहुतेक घरे दोन खोल्यांची, काही तर एकाच पत्र्याच्या खोलीची. तिच्यात स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचे पथ्यपाणी आणि टीव्ही हे सगळे एकत्र नांदते. बीड आणि जालना भागातील जी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती वसंत ऋतूपर्यंत कोपीत राहतात. कोपीला दार नसते, आणि त्या बाईचा दिवस पहाटे तीनला सुरू होऊन रात्री गाडी भरेपर्यंत संपत नाही. तिला एकांताचा उपदेश करणाऱ्याने आधी तिचा हंडा उचलावा. मनुष्याच्या पुत्राला डोके टेकायला जागा नाही, असे स्वतः प्रभू म्हणाला आहे. त्यालाही स्वतःची खोली नव्हती, म्हणूनच तो पहाटे घराबाहेर पडत होता, डोंगर आणि जैतुनाची बाग जवळ करत होता.

जागा नसतानाही वाट काढणारी माणसे मी पाहिली आहेत. आमच्या शेजारच्या गावातील एक वृद्ध भगिनी, लिहिता-वाचता न येणाऱ्या, रोज पहाटे अंथरुणातच उठून बसत आणि अंगावरची वाकळ डोक्यावरून पुढे ओढून घेत. वाकळेच्या आत त्या काय बोलत ते कोणाला कळत नसे. जुन्या लुगड्यांच्या त्या ठिगळांमधून फक्त ओठांची हालचाल जाणवे. नातवंडे आजीला उठवायला धावली तर सून त्यांना अडवी आणि हळूच म्हणे, “थांबा, आजी बोलायलीय.” त्या घरात प्रार्थनेवर कोणी प्रवचन केले नाही, पण त्या नातवंडांना प्रार्थना म्हणजे काय ते कळले. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या मातोश्री सुझना वेस्ली भरल्या घरात ॲप्रन डोक्यावर ओढून प्रार्थनेला बसत, आणि आई तशी बसली की तिला हाक मारायची नाही हे मुले जाणत, असे सांगतात. देश आणि काळ वेगळा असला तरी गरज तीच होती, आणि दोन्हीकडे घरच्यांनी तो वेळ सांभाळून दिला. मंडळीतील पुरुषांना माझी कळकळीची विनंती आहे की दिवसातला अर्धा तास त्यांनी चूल, पाणी आणि मुले आपल्याकडे घ्यावीत. पतीने पत्नीला मिळवून दिलेला तो अर्धा तास देवाच्या दृष्टीने लहान नाही.

मंडळ्यांसाठी माझी मागणी एवढीच आहे की चर्चचे दार रोज उघडे असावे. मिशनच्या काळात बांधलेली दगडी चर्च, नंतरची पत्र्याची किंवा स्लॅबची प्रार्थनालये गावोगावी आहेत आणि ती आठवड्यातील सहा दिवस कुलपात असतात. ज्यांच्या घरात खोली नाही त्यांच्यासाठी गावातली तीच एक शांत खोली आहे. पहाटे तासभर आणि दिवेलागणीला तासभर ती उघडावी. त्या वेळात माइक नसावा, वाद्य नसावे, कोणी कोणाला बोधही करू नये. सतरंजी टाकलेली असावी, बायबल आणि ‘उपासना संगीत’ हे आमचे गीतांचे पुस्तक हाताशी असावे. कॅथलिक बांधवांमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेल्या भाकरीसमोर, मौनाने बसण्याची रीत आहे. आम्ही प्रॉटेस्टंटांनी सिद्धांताचे मतभेद बाजूला ठेवून त्यांच्या बसण्याकडे पाहावे. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. रविवारी प्रवचन आणि आशीर्वाद यांच्यामध्ये दोन-तीन मिनिटे खरोखरची शांतता ठेवली तर मुलांनाही तिची सवय लागेल. सुरुवातीला खोकल्याचे आवाज येतील, कोणीतरी चुळबुळ करील. त्याने पाळकांनी घाबरून जाऊ नये.

हा विषय मी आमच्या पंचांच्या बैठकीत मांडला तेव्हा काही शंका निघाल्या आणि त्या रास्त होत्या. दानपेटी आणि साउंड सिस्टिम चोरीला जाईल, त्या आत कुलपात ठेवाव्या लागतील. संध्याकाळी एकटीदुकटी बाई आली तर तिच्या सुरक्षिततेचे काय, म्हणून दोन वडीलधाऱ्या भगिनींनी आळीपाळीने दाराशी बसावे लागेल. विजेचा खर्च थोडा वाढेल. किल्ली पाळकांकडेच राहिली तर ते परगावी गेल्यावर दार बंद राहील, तेव्हा ती चर्चच्या शेजारी राहणाऱ्या एखाद्या विश्वासू कुटुंबाकडे असावी. यातली एकही अडचण अशी नाही की जिच्यापायी दार कायमचे बंद ठेवावे. ज्या मंडळ्यांत अशी व्यवस्था आधीपासून आहे, तेथील पाळकांनी, फादरांनी आणि सिस्टरांनी ती कशी चालते, किती वाजता उघडते, कोण सांभाळते हे आपल्या याच सदरातून कळवावे, म्हणजे राखेच्या बुधवारापासून सुरू होणाऱ्या येत्या उपवासकाळात इतर गावांनाही ती सुरू करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
जिल्हा जालना